तुळस, आणि खाली विंचू

माझ्या नोकरीत मी माणसांचे चेहरे कमी पाहिले. दंड, मनगटं, पोटऱ्या आणि पाठीच जास्त पाहिल्या. बेंगळूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "पोलिसातलं काहीतरी थरारक लिहा, शांतक्का." मी त्यांना तेव्हाच सांगितलं की थरार माझ्या वाट्याला फारसा आलाच नाही. पिस्तूल मी सरावापुरतं हातात धरायचे आणि परत करताना मला हायसं वाटायचं. माझं काम खुणा टिपण्याचं. पकडून आणलेल्या बायकांच्या अंगावर कुठे तीळ आहे, कुठे भाजल्याचा डाग आहे, कुठे काय गोंदलंय, ते पडद्याआड बघून लिहून ठेवायचं. पुरुषांच्या खुणा पुरुष शिपायांनी टिपायच्या असा नियम, पण त्यांना लिहिण्याचा भारी कंटाळा. "अक्का, स्वल्प लिहून टाका ना," असं म्हणत म्हणत तेही काम माझ्याच गळ्यात पडलं.

मी निपाणीकडची. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि लग्नानंतर बेंगळूर. मराठी माणसाला वाटतं, पोलीस गुन्हेगाराला बोटांच्या ठशांवरून पकडतात. पकडतातही, पण ठसे जुळवून यायला वेळ लागतो आणि ते जागेवर सापडावे लागतात. गोंदणाचं तसं नाही. माणूस नाव बदलतो, मिशी काढतो, चार वर्षांत अंगानं सुटतो नाहीतर वाळतो. गोंदण आपलं जिथल्या तिथे. म्हणून कुणी पळाला की त्याचं गोंदण आधी सगळ्या ठाण्यांना कळवायचं, ही आमची रीत होती.

एकदा एका खिसेकापूला आणलं. नाव विचारलं तर म्हणाला, "रमेश." दंडावर मात्र ठसठशीत कन्नड अक्षरांत मंजुनाथ.

साहेबांनी विचारलं, "हा कोण?"

"माझा जिवलग मित्र, सार."

"आणि खाली हे गावाचं नाव?"

"त्याचंच गाव, सार."

"आणि या दंडावर आईचं नाव आहे, ती कुणाची आई?"

गडी जरा विचारात पडला. मग म्हणाला, "त्याची आई मला आईसारखीच आहे, सार." साहेबांना हसू आवरेना, आणि मंजुनाथलाही. दुसऱ्या एकानं पहिल्या बायकोचं नाव मोराच्या पिसाऱ्यात बुडवून टाकलं होतं, दुसरीला कळू नये म्हणून. तिला ते कधीच कळलं नाही, आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं.

बायकांचं गोंदण वेगळं. ते जत्रेतल्या यंत्रावर हौसेनं काढून घेतलेलं नसतं. लहानपणी आजीनं मांडीत दाबून धरायचं, गोंदणारणीनं सुया टोचायच्या आणि पोरीनं गावभर ऐकू जाईल असं रडायचं. उत्तर कर्नाटकातल्या बायकांच्या अंगावर ते हमखास असायचं. कन्नडमध्ये त्याला हच्चे म्हणतात. बायकांचं गोंदण टिपताना माझा हात जरा जड व्हायचा. चोराची खूण म्हणून जे मी लिहीत होते ते कुणीतरी मायेनं घातलेलं होतं, एवढं माझ्या मनात असायचं. पण लिहायचे, नोकरीच ती होती.

आता ज्या प्रकरणासाठी लिहायला बसले ते सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा जे. पी. नगरच्या बाजूला जिकडे तिकडे बांधकामं चालली होती. पुण्या-मुंबईची तरुण मंडळी कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी यायला लागली होती. अशाच एका घरात चोरी झाली. घरची बाई पुण्याची म्हणून साहेबांनी मला जबाबाला पाठवलं. "तुमची भाषा आहे, अक्का. रडेल तर मराठीत रडू दे."

मेधा तिचं नाव. सव्वीस-सत्तावीसची असेल. मी मराठीत बोलले तशी तिनं माझा हातच धरला. "अय्या, तुम्ही मराठी? ताई, मला इथे कुणाशी धड बोलताच येत नाही हो!"

झालं होतं असं, की एक बाई दारात येऊन काम मागत होती, ती हिनं भांड्यांना ठेवली. जेमतेम आठवडा झाला असेल. एके सकाळी मेधा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि खाली येऊन बघते तो कपाट उघडं. मंगळसूत्र गेलं आणि आईच्या पाटल्या गेल्या. आई वारलेली. मंगळसूत्राचं ती फारसं बोलली नाही, पाटल्यांचं नाव काढलं की तिचा आवाज फुटायचा.

"बाई दिसायला कशी होती?"

मेधा म्हणाली, "ताई, मला चेहरा आठवतच नाहीये. लिटरली नाही. तिच्या डोक्यावर पदर असायचा, ती मागच्या दगडावर पाठमोरी बसून भांडी घासायची. मला कन्नड येत नाही, तिला हिंदी येत नाही. आम्ही हातांनीच बोलायचो. म्हणजे मी सगळा वेळ तिच्या हाताकडेच बघायचे ना, नाहीतर मला कळणार कसं ती काय म्हणतेय?"

"नाव?"

"मी विचारलंच नाही." असं म्हणून ती माझ्याकडे बघेना.

हात मात्र तिला पक्का आठवत होता. तिनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं काढून दाखवला. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला तुळशीवृंदावन, दोन्हीकडे ठिपके, आणि खाली विंचू, त्याची नांगी मनगटाकडे वळलेली. बाईची चित्रकला चांगली होती. मी ते जसंच्या तसं लिहून दिलं आणि ठाण्याठाण्यांत कळवलं गेलं.

थोड्याच दिवसांत बीटवरच्या शिपायानं एका बाईला आणलं. दोन गल्ल्या पलीकडच्या घरांत भांडी घासणारी, जवळच्या बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी. बाजारात कोथिंबीर निवडताना त्यानं तिचा हात पाहिला होता. गंगव्वा तिचं नाव, विजापूरकडची. साहेबांनी मला बोलावलं. मी तिला पडद्याआड नेलं, बाही वर केली. तुळस, ठिपके, खाली विंचू, नांगी मनगटाकडे.

"नानल्ल री, अक्का," ती म्हणत होती. मी नाही, मी नाही. मग दुसरंच काहीतरी सुरू झालं, "मगळु, नन्न मगळु." माझी मुलगी.

मी साहेबांना जे दिसलं ते सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते, कुणावर हात उगारणारे तर मुळीच नव्हते. पण खूण जुळली होती, घर जवळचं होतं आणि वरून रोज फोन येत होते. सोनं सापडलं नाही तेव्हा विकलं असणार असं धरलं गेलं. कोर्टानं तिला तुरुंगात पाठवलं. जामीन राहायला तिला या शहरात होतं कोण?

मी तिच्या शेडवर गेले तेव्हा तिच्या त्या 'मगळु'चा अर्थ मला नीट कळला. मुलगी सहा-सात वर्षांची, निंगी. पुढचे दात पडलेले. नवरा पेरणीला गावी गेलेला, त्याचा पत्ता म्हणजे नुसतं गावाचं नाव. पोरीला शेजारची एक म्हातारी सांभाळत होती. ती म्हणाली, "आम्ही किती दिवस सांभाळणार, अक्का? काम संपलं. पुढच्या मंगळवारी टोळी हलायची." कुठे, ते तिला ठाऊक नव्हतं. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "महादेवपुऱ्याच्या पलीकडे कुठेतरी. जिथे काम मिळेल तिथे."

तेव्हाचं महादेवपुरा म्हणजे शहराचं दुसरं टोक. मोबाइल नव्हते, शेडला पत्ता नव्हता. बांधकामावरची टोळी एकदा हलली की तिला शोधणं म्हणजे पाण्यात पडलेलं मीठ शोधणं. खटला उभा राहिला असता तर गंगव्वा वर्ष-दोन वर्षं आत गेली असती, आणि बाहेर आल्यावर आपलं पोर कुठल्या इमारतीच्या पायथ्याशी वाढतंय हे तिला सांगणारं कुणी नसतं. सगळं ओळख परेडवर येऊन थांबलं होतं, आणि परेड सोमवारी होती.

ओळख परेड म्हणजे काय, ते सांगते. आरोपीला तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, तिला न ओळखणाऱ्या बायकांच्या रांगेत उभं करायचं. साक्षीदारानं रांगेसमोरून फिरायचं आणि ओळख पटली तर हात लावायचा. हे सगळं तुरुंगाच्या आत, तहसीलदारासमोर. पोलिसांनी तिथे थांबायचं नाही, आणि त्याआधी साक्षीदाराला आरोपीचं नखसुद्धा दिसू द्यायचं नाही. अंगावर ठळक खूण असेल तर सगळ्यांच्या त्याच जागी चिकटपट्टी लावून ती झाकायची. नाहीतर रांगेत एकाच बाईच्या हातावर विंचू, तर आंधळासुद्धा ओळखेल.

तहसीलदार निवृत्तीला आलेले होते, बेंगळूरच्या थंडीत कायम गळ्याला मफलर. कागद वाचून त्यांनी नाक पुसलं. "चिकटपट्टी लावली तर ही साक्षीदार ओळखणार काय? तिला चेहरा आठवतच नाही म्हणे. आणि नाही लावली तर परेडला अर्थ काय?"

मी उभी होते. साहेबही उभे होते.

"एकच करता येईल," ते म्हणाले. "सगळ्यांच्या हातावर तीच खूण पाहिजे. अशा बायका आणून द्या."

बायका जमवायचं काम खरं तर त्यांचं, पण प्रत्यक्षात असलं काम माझ्याच डोक्यावर यायचं. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "अक्का, कुठून आणणार?" मला तरी काय माहीत? एकवेळ लाल साडीच्या सात बायका सांगा, आणते. तुळस आणि खाली विंचू, नांगी मनगटाकडे, हे मागायचं कुणाकडे?

आम्ही तेव्हा पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात राहायचो. माझा नवरा तिथे एका कारखान्यात लेथवर होता. सकाळी मी लवकर निघाले तेव्हा तो म्हणाला, "विंचू शोधायला निघालीस? मग दगड उचलत जा, सापडेल." सकाळच्या वेळी तिथल्या चौकात माल चढवणारी-उतरवणारी, खडी वाहणारी माणसं कामाची वाट बघत उभी असत. जे. पी. नगरपासून इतकं लांब, की गंगव्वाला ओळखणारं कुणी असण्याची शक्यता नव्हती. उत्तर कर्नाटकाचा हेल ऐकू आला तशी मी एका घोळक्यापाशी थांबले आणि माझं काम सांगितलं. खाकी साडी बघून निम्म्या आधीच मागे सरकल्या होत्या.

एका पोरसवदा बाईनं घाबरत घाबरत हात पुढे केला. तुळस. खाली विंचू.

मी म्हटलं, नशीबच माझं! तेवढ्यात तिच्या मागची म्हणाली, "माझ्याकडेही आहे की." मग आणखी एक. मग बाजूच्या घोळक्यातली एक. मी बघतच राहिले. कुणाची तुळस फिकटलेली, कुणाचा विंचू जरा तिरका, पण नक्षी तीच, हातही तोच, आणि नांगी सगळ्यांची मनगटाकडे. मी जी खूण एवढ्या बारकाईनं लिहून सगळ्या शहराला कळवली होती, ती या चौकात हातोहात भेटत होती.

त्यांच्यात शिवव्वा म्हणून एक वयस्क बाई होती, सगळ्यांची पुढारीण. ती म्हणाली, "आमच्याकडच्या पंचवीस-तीस गावांना एकच बाई येते हच्चे घालायला. तिची आईही यायची, आजीही यायची. तिला येतं ते एवढंच. रडून गोंधळ घातला की नुसती तुळस. दम धरला की खाली विंचू बक्षीस."

"मग तू दम धरला होतास?"

"मी? मी त्या बाईला चावले होते," शिवव्वा म्हणाली. "तरी घातलाच तिनं. आईनं धरून ठेवलं होतं."

हसू ओसरल्यावर मी तुरुंगात यायचं बोलले, आणि सगळ्यांचे हात पदराखाली गेले. शिवव्वानं मला सरळच विचारलं, "आमच्या सगळ्यांच्या हातावर तेच आहे. त्या बाईनं माझ्यावर बोट ठेवलं तर? आत गेल्यावर मला बाहेर कोण काढणार, तू?"

मी म्हटलं, "तुझ्यावर बोट ठेवलं तर तुला काहीही होत नाही. उलट आत आहे ती सुटते."

"असं तू म्हणतेस."

"मी म्हणते."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग अट घातली, "तू बाहेर दारात बसायचं. आम्ही आत गेलो तेवढ्या बाहेर येईपर्यंत उठायचं नाही. चहालासुद्धा नाही." मी कबूल केलं. तरीही त्या आल्या त्या माझ्यावर विश्वास म्हणून नव्हे. आत एक आपल्याकडची बाई आहे आणि तिची पोर बाहेर आहे, हे मी सांगितलं तेव्हा त्या आपसात काहीतरी बोलल्या आणि तयार झाल्या.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावर पेन आपटत राहिले. "आता हे परेडच ठरवेल," म्हणाले. "पण त्या बाईंनी घाबरून कुणालाही हात लावला आणि ती नेमकी गंगव्वाच निघाली तर?" तेच तर माझ्या डोक्यात घोळत होतं. रांगेत आठ बायका असल्या तरी हात एकीलाच लागणार, आणि तो चुकून गंगव्वाला लागला तरी कागदावर 'ओळखली' असंच येणार.

सोमवारी सकाळी मी शिवव्वा आणि बाकीच्यांना तुरुंगाच्या दारातून आत सोडलं आणि बाहेरच्या बाकावर बसले. मेधा नवऱ्याबरोबर आली. मी तिच्याशी बोलू शकत नव्हते, नुसती मान हलवली. तिचा चेहरा उतरला होता. नवरा दाराशी तिला म्हणाला ते मला ऐकू आलं, "घाबरू नकोस. हात बघ आणि लाव हात. पोलिसांनी पकडलीय म्हणजे तीच असणार." ती आत गेली. दार बंद झालं.

ती वेळ कशी गेली ते मला सांगता येत नाही. नवस बोलायची मला सवय नाही, पण त्या बाकावर बसून मी गावाकडच्या सगळ्या देवांची नावं घेतली आणि मग इकडच्याही. एक शिपाई येऊन म्हणाला, "अक्का, समोर चहा घेऊया?" मी त्याच्यावर खेकसले.

दार उघडलं आणि मेधा बाहेर आली. ती रडत होती. रडण्यावरून काही कळेना, आणि मी विचारू शकत नव्हते. तिच्या मागून तहसीलदार आले, मफलर सारखा केला आणि साहेबांना म्हणाले, "ओळख पटली नाही. आयतु." झालं.

मी बाकावरच मटकन बसले. उभी कधी राहिले होते तेही मला कळलं नव्हतं.

परेड संपल्यावर बोलायला हरकत नव्हती. मेधा माझ्या शेजारी बसली. "ताई, सगळ्यांच्या हातावर तेच! मला गरगरायलाच लागलं. एक-दोनदा फिरले. एकीपाशी थांबले, मी हात उचललासुद्धा होता, कारण ती थरथरत होती. म्हटलं, घाबरलीय म्हणजे हीच."

मला ऐकवेना. थरथरत कोण असणार ते मला माहीत होतं.

"मग माझ्या लक्षात आलं," ती म्हणाली, "की मला हात आठवतोय तो हलताना. ती बाई काथ्या मागायची ना भांडी घासायला, तेव्हा मागे वळून बघायचीच नाही. हात असा खांद्यावरून मागे, तळवा वर, आणि बोटं अशी चटचट हलवायची. लवकर द्या म्हणून. मला रागच यायचा तिचा! मी त्या तहसीलदार सरांना विचारलं, यांना सगळ्यांना हातानं काथ्या मागायला सांगाल का? त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. कुणी मुठी चोळून दाखवल्या, कुणी खाली बसून घासूनच दाखवलं. एक म्हातारी तर माझ्याकडे बघून हसायलाच लागली. आणि ती थरथरणारी, तिनं दोन्ही हात जोडून पुढे केले, ओंजळ करतात तसे. त्यातली ती कुणीच नव्हती, ताई. एकही नाही. मला एकदम इतकं सुटल्यासारखं झालं, माझ्या पाटल्या गेल्या तरी चालतील असं वाटलं."

नवरा बाजूला उभा राहून ऐकत होता. त्यानं तिची पर्स हातात घेतली.

मग आठजणींपैकी सातजणी बाहेर आल्या. शिवव्वानं दाराबाहेर पाय ठेवला आणि आधी मी बाकावर आहे का ते पाहिलं. मग तिनं डोक्यावरचा पदर झटकला आणि सगळ्या अशा हसायला लागल्या की तुरुंगाचे पहारेकरीही बघायला लागले. जाताना शिवव्वा मेधाकडे बोट दाखवून म्हणाली, "ही बाई वाईट नाही. पण हिला स्वतःची भांडी स्वतः घासायला शिकव." मी त्याचं भाषांतर केलं नाही.

खरी बाई कोण, ते इथेच सांगून टाकते, कुणाच्या मनात शंका राहायला नको. काही महिन्यांनी दुसऱ्या एका भागात असंच काम धरून कपाट साफ करताना एक बाई सापडली. तिच्या मुक्कामावर मेधाच्या दोन पाटल्यांपैकी एक मिळाली. दुसरी वितळून गेली होती. खुणा टिपायला मला बोलावलं. तिच्या हातावरही तुळस आणि खाली विंचू होताच, असायचाच. मी लिहीत होते, ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी विचारलं, पाणी हवं का? तिनं मागे न बघता हात खांद्यावरून मागे केला, तळवा वर, आणि बोटं चटचट हलवली. मी पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन साहेबांना म्हटलं, सार, आता मला झोप लागेल.

तेव्हापासून कुणाच्या गोंदणाची नोंद करताना मी शेवटी एक वाक्य जास्त लिहायला लागले, की अशी खूण अमुक भागातल्या बायकांत सर्रास असते. वरून एकदा विचारणा आली, हे कशासाठी? मी कळवलं, माहितीसाठी. पुढे कुणी विचारलं नाही, आणि मी निवृत्त होईपर्यंत ते वाक्य लिहीत राहिले. एक मात्र मनाला लागून राहिलं. गंगव्वा निर्दोष सुटली तरी त्या गल्लीतल्या एकाही घरानं तिला परत कामावर घेतलं नाही. मी स्वतः दोन घरी जाऊन बोलले. "सरी सरी, बघू," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

पण ते नंतरचं. मंगळवारी दुपारी कोर्टाचा कागद आला आणि तिला सोडलं. तिच्याबरोबर जायची मला काही आज्ञा नव्हती. मी साहेबांना म्हटलं, मी जाऊन येते. ते म्हणाले, "आधी निघा, मग विचारा."

बसमध्ये खाकीतली मी आणि शेजारी डोक्यावर पदर घेतलेली, अंग चोरून बसलेली ती. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "हिला कुठे नेताय, मॅडम?"

"मनेगे," मी म्हटलं. घरी.

गंगव्वानं तो शब्द ऐकला आणि खिडकीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलायला लागले. मी तिला रडू दिलं. माझं मन बसच्या पुढे धावत होतं, कारण टोळी मंगळवारी हलणार होती आणि मंगळवार अर्धा उलटून गेला होता.

कोपऱ्यावर उतरलो तर शेड मोडलेल्या. पत्र्यांचा ढीग रचलेला, एक लॉरी भरून उभी. मी एका पोऱ्याला विचारलं तर म्हणाला, पहिली लॉरी कधीच गेली, माणसं घेऊन. गंगव्वा रस्त्याच्या कडेला थांबली. तिचा पायच उचलेना. "तू बघ, अक्का," ती म्हणाली. "मी नाही बघत." ती खाली मान घालून उभी राहिली, पदर पुढे ओढून, दोन्ही हात पदरात.

पत्रे चढवणाऱ्या बायका होत्या तिथे, सगळ्यांच्याच डोक्यावर पदर. त्यांच्यामध्ये मी ती म्हातारी शोधायला लागले. ती दिसेना. मी मोठ्यानं निंगीचं नाव घेणार, एवढ्यात पलीकडच्या वाळूच्या ढिगावरून काहीतरी घरंगळत खाली आलं. मला वाटलं, बोचकं पडलं. ते उठलं आणि धावायला लागलं. माझ्याजवळून गेलं, बायकांच्या मधून गेलं, एकीला धडकलं, उठलं, परत धावलं. "यव्वा! यव्वा!"

त्या ढिगापासून रस्ता चांगलाच लांब होता. गंगव्वाचा चेहरा पदरात होता आणि हातही पदरात. पोरीला यातलं काही दिसलं नव्हतं. तिनं आईला नुसती उभी असलेली पाहिली होती.